तलमपरीच्या बाळाचं अंथरूण

आटपाट नगर काही नव्हतं. नदीकाठची एक साधीशी वाडी होती, बोरवाडी नावाची. तिथे सगुणा राहायची. दोन इवल्या इवल्या वेण्या, बोरासारखे टपोरे डोळे, आणि बोलायला लागली की गाडी थांबायचं नाव घ्यायची नाही. पण त्या हिवाळ्यात सगुणा गप्प गप्प होती. तिला काळजी लागली होती, आणि काळजी लागली की भल्याभल्यांची बोलती बंद होते, मग एवढ्याशा मुलीचं काय घेऊन बसलात?

काळजी होती अंथरुणाची. सगुणेच्या घरी नुकताच भाऊ आला होता. एवढासा, गुलाबी, मुठी घट्ट आवळलेला. जणू त्या मुठीत काहीतरी आहे आणि ते तो कुणाला दाखवणार नाही. सगळं कसं छान होतं, फक्त त्याला निजवायला धड अंथरूण नव्हतं.

बोरवाडीची रीत अशी, की तान्ह्या बाळाच्या अंगाखाली नवं कापड घालायचं नाही. घरोघरी जायचं आणि जुनं कापड मागून आणायचं. कुणी लुगड्याचा तुकडा द्यायचं, कुणी धोतराचा. धुऊन धुऊन, नेसून नेसून ते कापड दुधावरच्या सायीसारखं मऊ झालेलं असायचं. मग ती सगळी कापडं एकावर एक घालून बाळाची आई गोधडी शिवायची. बाळ त्या गोधडीवर निजलं, की सगळ्या वाडीच्या मांडीवर निजल्यासारखं व्हायचं. सगुणेची आई, पारू, या कामात इतकी तरबेज, की तिच्या गोधडीवर रडकं बाळसुद्धा हूं की चूं न करता झोपायचं.

पण त्या वर्षी नदी वाडीत शिरली होती. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. पेट्या, गाठोडी, दोरीवरची धुणी सगळं नदी घेऊन गेली. उरलं ते अंगावरचं. सगुणेचे वडील दूरच्या गावी विटा पाडायला गेले होते, आणि ते परत येईपर्यंत घरात नवं काही यायची आशा नव्हती.

तरी सगुणा रीतीप्रमाणे कापड मागायला निघाली. पहिल्यांदा गेली शेजारच्या चंद्राक्काकडे. चंद्राक्काने दारातच तिला जवळ घेतलं.

"सगुणे, मला काय द्यायला नको वाटतं व्हय गं? पर हे नेसलेलं सोडलं तर घरात दुसरं लुगडंच न्हाई बघ. दुसरं असतं तर पैलं तुला दिलं असतं."

मग ती गेली भिवातात्यांकडे. भिवातात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात थट्टेखोर.

"माझ्या धोतराकडं बघ की पोरी," ते म्हणाले. "फाटून फाटून त्याचा पंचा झालाय. आता रुमाल व्हायच्या वाटंवर हाय. त्यातनं तुला काय देऊ, आन् मी काय नेसू?"

सगुणेला हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन मागे फिरलं. सगळीकडे हीच गत. ती रिकाम्या हातांनी घरी आली तेव्हा बाळ रडत होतं. ते गोणपाटावर निजलं होतं, आणि गोणपाटाच्या कुसांनी त्याची लोण्यासारखी पाठ लालेलाल झाली होती. आईने आपला पदर त्याच्या अंगाखाली सारला होता. पण पदर तो केवढा, आणि त्यालाही ठिगळं.

"थंडी वाढायच्या आत कायतरी मिळाया पायजे गं," आई हळूच म्हणाली. "ह्याची पाठ बघवत न्हाई."

कापड नाही तर नाही, निदान उशी तरी करू, असं मनाशी म्हणत सगुणा टोपली घेऊन टेकडीवर गेली. तिथे रुईची झुडपं होती. त्यांच्या बोंडांतून पांढऱ्याशुभ्र म्हाताऱ्या बाहेर पडत होत्या. म्हातारी म्हणजे खरी म्हातारी नव्हे हं, तर ते रेशमी केसांचं उडतं बी. सगुणेने एकेक म्हातारी टोपलीत भरली. तेवढ्यात एक भली मोठी, चांदीसारखी चमकणारी म्हातारी तिच्या नाकाला गुदगुल्या करून पुढे सटकली. सगुणा तिच्यामागे धावली. म्हातारी करवंदीच्या जाळीत शिरली, सगुणाही शिरली. आणि जाळीतून बाहेर पडते तो काय, समोर एक बाग.

पण कसली बाग म्हणता? तिथल्या झाडांना पानंफुलं नव्हती, कापडं आली होती. एका झाडावर हळदीपिवळी, एकावर डाळिंबी, एकावर मोरपिशी. फांदीफांदीवर मखमल लोंबत होती, वेलींवरून मलमल झिरमिरत होती, आणि एका छोट्याशा तळ्याकाठी जरीच्या कापडाचं झुडूप असं झगमगत होतं, की सगुणेने डोळ्यांवर हात धरला. वारा आला की सगळी बाग सळसळायची आणि रंगच रंग हवेत उडायचे.

तळ्याकाठी एक हातभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख इतके पातळ होते, की त्यांच्यापलीकडचं गवत दिसत होतं. तिच्या मांडीवर तळहाताएवढं बाळ होतं आणि ते किरकिरत होतं. परीचा चेहरा जागरणाने पार उतरला होता. बाळ रडत असलं की परीची आई काय नि माणसाची आई काय, दोघी सारख्याच दिसतात.

"ये, मुली," परी मऊ आवाजात म्हणाली. "मी तलमपरी. ही माझी बाग आणि ही माझी इवली. ही जन्मली तेव्हापासून हिने डोळ्याला डोळा लावलेला नाही. हिच्यासाठी मी रोज नवं अंथरूण घालते, पण ही निजतच नाही. तू माझ्या बाळासाठी या बागेतलं कापड निवडून देशील?"

"दीन की," सगुणा म्हणाली. "माझी आई गोधड्या शिवती. मला कापडाची पारख हाय."

परी हसली. "मग नीट ऐक. बागेचे नियम आहेत. कापड निवडून दिलंस, तर तुझी एक इच्छा पुरी होईल. नाही निवडलंस, तर आल्या पावली परत जावं लागेल. इच्छा मागायची ती कापडाचीच. आणि या बागेच्या कापडाला कात्री लावायची नाही, सुई टोचायची नाही. टोचलीस तर त्याचं फूल होईल आणि ते उडून पुन्हा झाडावर येईल."

सगुणेने मान डोलावली. इच्छा हा शब्द ऐकल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर भावाची लालेलाल पाठच उभी होती. ती लगबगीने कामाला लागली.

आईने तिला शिकवलं होतं, की बाळाचं कापड डोळ्यांनी निवडायचं नाही आणि बोटांनीही नाही, कारण कामाने बोटं राठ झालेली असतात. आधी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मग गालाला. आणि शेवटी उलटं करायचं, कारण आपल्याला सुलट बाजू दिसते, पण बाळाला टोचते ती उलट बाजू.

जरीचं कापड तिने उलटलं मात्र, आतल्या तारांनी मनगटावर ओरखडा उठला. मखमल जाडजूड आणि उबदार होती, पण गालाला लावली तर घाम फुटला. रेशीम तर नुसतं घसरत होतं; बाळ त्याच्यावर ठेवलं तर ते जायचं घरंगळत तळ्यात. एक गुलाबी कापड होतं, त्यावर चिमण्या विणलेल्या, आणि त्या चिमण्या खरोखर चिवचिवत होत्या. आता चिमण्या चिवचिवायला लागल्यावर झोपणार कोण? सगुणेने त्यांना हळूच गप्प केलं आणि पुढे गेली.

शेवटी राहिली मलमल. चांदण्याच्या रंगाची, नाजूकशी, दिसायला इतकी मऊ की बघूनच डोळे मिटावेत. सगुणेने ती आनंदाने गालाला लावली, आणि तिचा चेहरा पडला. मलमलीला खळ होती. विणकर कापडाला ताठपणा यावा म्हणून लावतात ना, तशी. नव्या कापडात ती असतेच. आणि या बागेतलं एकूणएक कापड नवं होतं.

"सापडलं?" परीने आशेने विचारलं. "ते चांदण्याचं? फारच सुरेख आहे ते."

सगुणा मलमल हातात धरून उभी राहिली. नुसतं "हो" म्हटलं की झालं. परी खूश, इच्छा पुरी, भावाला अंथरूण. कुणाला कळणार होतं? पण तिची नजर इवलीकडे गेली. इवलीच्या पंखाची कड जरीने घासून लाल झाली होती. अगदी तिच्या भावाच्या पाठीसारखी.

"परीताई," सगुणा म्हणाली. "ह्यातलं एक बी चालायचं न्हाई."

परी उठून उभी राहिली.

"नियम ठाऊक आहे ना तुला? निवडलं नाहीस तर रिकाम्या हातांनी जावं लागेल."

"ठाव हाय."

"तरीही?"

"बाळाचं अंथरूण हाय, ताई. त्यात खोटं कसं बोलायचं? मी जाईन घरी, पर टोचंल ते हिला." एवढं बोलून सगुणेने मलमल परत वेलीवर घातली, टोपली उचलली आणि ती वळली. मग मात्र तिला राहवलं नाही. भावाची आठवण येऊन ती हुंदके देत रडू लागली.

तलमपरीने त्या कापडांकडे पाहिलं. मग तिने स्वतःच मलमल ओढली आणि तिच्यावर इवलीला ठेवलं. इवली किंचाळली. परीने तिला उचलून पोटाशी धरलं.

"थांब, मुली," ती म्हणाली. "आजवर इथे जो आला, त्याने सगळ्यात लखलखीत कापड निवडलं, इच्छा मागितली आणि तो गेला. माझं बाळ मात्र जागंच राहिलं. नियम मी केला होता, आणि चुकीचा केला होता. तुझी इच्छा तुझीच आहे. पण आधी मला सांग, हिला चालेल असं कापड कुठे असतं?"

सगुणेने डोळे पुसले. "जुनं लागतं. लई दिवस वापरल्यालं."

"वापरलेलं म्हणजे काय?" परीने विचारलं. परीच्या राज्यात कुठली गोष्ट जुनी होतच नाही. तिथे सगळं कायम कालच्यासारखं.

मग सगुणेने तिला समजावून सांगितलं. कुणीतरी ते नेसून शेतात जातं, नदीवर धुतं, उन्हात वाळवतं, त्याने घाम पुसतं, त्यात भाकरी बांधतं, आणि असं करता करता ते मऊ होतं. बोलता बोलता ती मध्येच थांबली. तिला चंद्राक्काचे शब्द आठवले. दुसरं लुगडं असतं तर पहिलं दिलं असतं, असं ती म्हणाली होती. सगुणेचे टपोरे डोळे आणखी मोठे झाले.

"परीताई, मागू इच्छा? आमच्या वाडीत जेवढी माणसं हायती, तेवढी नवी कापडं द्या. बायांना लुगडी, बाप्यांना धोतरं. ती काय कापायची न्हाईत, शिवायची बी न्हाईत. नुसती नेसायची."

"आणि तुझ्या भावाला?"

"त्येला नवं नको. सगळ्यांना नवं मिळालं, की जुनं मोकळं हुईल न्हवं? मग त्येला बी मिळंल, आन् इवलीला बी."

परीला हे नीटसं कळलं नाही. पण तिने बोट उचललं, आणि सगळी बाग फांद्यांवरून सुटली. निळी, जांभळी, केशरी, पोपटी, अंजिरी कापडं पाखरांच्या थव्यासारखी टेकडी ओलांडून निघाली. त्यांच्याखालून सगुणा धावत होती आणि तिच्या टोपलीत, रुईच्या म्हाताऱ्यांच्या गादीवर, तलमपरी इवलीला घेऊन बसली होती.

बोरवाडीत तर एकच धांदल उडाली. चंद्राक्काच्या खांद्यावर वांगी रंगाचं लुगडं येऊन बसलं, तेव्हा ती आधी घाबरून पदराने झटकूच लागली. भिवातात्यांना सोनेरी काठाचं धोतर मिळालं. "ह्या वयात मला नवरदेव करता व्हय?" असं म्हणत ते लगेच आत गेले आणि नेसून बाहेर आले. सगुणेच्या आईला मिळालं तळ्याच्या पाण्यासारखं हिरवं लुगडं. ती त्याच्यावरून नुसता हात फिरवत राहिली. सगळे एकमेकांना काठ दाखवत होते, पदर दाखवत होते, आणि सकाळच्या उन्हात वाडी झेंडूच्या शेतासारखी फुलली होती.

सगुणा दारात बसून वाट बघू लागली. ऊन अंगणातून कुंपणापर्यंत सरकलं, तरी कुणी आलं नाही. हळूहळू वाडीतले आवाजही थांबले. रस्ता रिकामा झाला. घरात भाऊ रडत होता, टोपलीत इवली किरकिरत होती.

"जुनं कापड आणून द्यावं, असं तू इच्छेत मागितलंच नव्हतंस," परी हळूच म्हणाली. "बहुतेक विसरले ते."

इच्छा एकच होती आणि ती संपली होती. आपण फार मोठी चूक केली, असं सगुणेला वाटलं. आता भावाला काय सांगायचं?

तेवढ्यात नदीकडून आवाज आला. धप, धप, धप. मग आणखी एक, मग आणखी. सगुणा धावत काठावर गेली. सगळी वाडी नदीवर होती. नवी लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून बाया दगडांवर जुनी लुगडी आपटत होत्या, आणि भिवातात्या पाण्यात उभे राहून आपला रुमाल व्हायच्या वाटेवरचा पंचा चोळत होते.

"अगं, आलोच हुतो," चंद्राक्का म्हणाली. "पर तान्ह्याला द्यायचं कापड धुतल्याबिगर कसं द्यायचं?"

सगुणा तिच्या ओल्या कमरेला मिठी मारून हसली आणि रडलीही. दोन्ही एकदम कसं करतात ते त्या दिवशी तिला कळलं.

मग काय विचारता! झुडपांवर कापडं वाळली, त्यांच्या घड्या सगुणेच्या अंगणात आल्या, आणि आईने मनगटाला, गालाला लावून एकेक कापड पारखलं. चंद्राक्काचं लुगडं सगळ्यात मऊ, म्हणून ते वर घेतलं. तात्यांचा पंचा मध्ये गेला. "तिथं तो कुणाला दिसायचा न्हाई," तात्या समाधानाने म्हणाले. आईचं स्वतःचं ठिगळांचं लुगडं खाली आलं. सगळ्या बाया भोवती बसल्या आणि चहूबाजूंनी सुया चालू लागल्या. आई प्रत्येकीला बजावत होती, की दोऱ्याची गाठ आतल्या घडीत लपवा, बाळाला लागता कामा नये. उरलेल्या तुकड्यांची सगुणेने आणखी एक गोधडी शिवली, तळहाताएवढी. तिचे टाके जरा वाकडेतिकडे गेले, पण गाठ मात्र तिने एकही बाहेर ठेवली नाही.

दिवेलागणीला दोन्ही गोधड्या तयार झाल्या. मोठीवर आईने भावाला ठेवलं. त्याने एकदा अंग ताणलं, आवळलेल्या मुठी हळूहळू उघडल्या, आणि तो झोपला. त्या मुठींत काही नव्हतं बरं का, सगुणेने नीट बघून घेतलं.

छोटीवर तलमपरीने इवलीला ठेवलं. इवलीने आपलं इवलंसं नाक कापडात खुपसलं. तिची किरकिर थांबली. तिचे पंख मिटले, मग डोळे मिटले. परी एकदम दचकली. आपल्या बाळाचे मिटलेले डोळे तिने कधी पाहिलेच नव्हते.

"सगुणे," ती घाबरून कुजबुजली, "हिला काय झालं? ही रडत का नाही?"

"काय न्हाई झालं, ताई," सगुणा तिच्या कानात म्हणाली. "झोपली ती. आता तिला उठवू नका म्हंजे झालं."

परीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने सगुणेच्या कपाळावर ओठ टेकले आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "बोरवाडीत जेव्हा जेव्हा बाळ जन्माला येईल, तेव्हा माझ्या बागेतून प्रत्येक घरी एक नवं कापड येईल. जुनं द्यायला कुणाच्या घरात कधी अडचण पडणार नाही."

मग तिने गोधडीसकट इवलीला उचललं. पऱ्या जातात तेव्हा केवढा लखलखाट होतो, डोळे दिपतात. तलमपरीही तशीच उजळू लागली होती, पण तिचं लक्ष कुशीतल्या बाळाकडे गेलं आणि तिने आपला उजेड तळहाताने झाकून घेतला. समईच्या ज्योतीएवढा केला, मग काजव्याएवढा. त्या मंद, सोनेरी उजेडात ती पावलांचा आवाज न करता विरघळून गेली.

आईने सगुणेला कुशीत ओढलं. भावाच्या गोधडीची एक कड तिच्याही वाट्याला आली. परीचं बाळ निजलं, पारूचं बाळ निजलं, सगुणाही निजली. आता तुम्हीही पांघरूण ओढून घ्या.